कुमुदचा ट्रक आणि माझा प्रोसेसर

कॉम्प्युटरवर गेम खेळायला प्रोसेसर किती वेगाचा लागतो, या विषयावर आमच्या नोएडाच्या सोसायटीत माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस गेल्या गणपतीपर्यंत दुसरा नव्हता. आता मला कोणी विचारत नाही. विचारलंच तर माझ्या बायकोला, कुमुदला विचारतात, आणि तेव्हा मी शेजारीच बसलेला असतो. असो.

मी केंद्र सरकारात आहे. खातं कुठलं ते सांगत नाही, कारण सांगूनही कोणाला कळत नाही. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी तर मुलगी दिली होती. पण कॉम्प्युटर खरेदीच्या फायली माझ्या टेबलावरून जातात, हे मात्र त्यांनाही माहीत होतं. शेकडो कॉम्प्युटर माझ्या सहीने आले. त्यातला एकही मी स्वतः चालू केलेला नाही, ते काम असिस्टंटचं. पण फायलीच्या पहिल्या ओळीत काय लिहायचं ते मला झोपेतून उठवून विचारा: प्रोसेसर, अद्ययावत, सर्वाधिक वेगाचा. बाकी जे काय असेल ते त्याच्याखाली. त्या कॉम्प्युटरवर पुढे फक्त रजेचे अर्ज टाइप होतात ही गोष्ट वेगळी. आणि कॉम्प्युटर आला रे आला की लगेच दुसरी फाइल निघते, कव्हराची. दिल्लीची धूळ काय आहे ते पुण्यामुंबईच्या लोकांना सांगून कळायचं नाही. आमच्या ऑफिसात मी बंद पडलेला कॉम्प्युटर पाहिलाय, कव्हर नसलेला पाहिलेला नाही.

घरीही माझी हीच शिस्त आहे. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, वॉशिंग मशीनला चेनचं कव्हर, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, आणि जी पेटी घरात कोणालाच वाजवता येत नाही तिला मखमली कव्हर. खाली बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आमची गाडी आहे, तिला चंदेरी कव्हर, चारी बाजूंनी नाड्या बांधलेलं. ऑफिसला मी मेट्रोने जातो. दर रविवारी खाली जायचं, कव्हर अर्धं वर करायचं, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, आणि परत नाड्या बांधायच्या. गाडी जुनी झाली, पण आत बसलात तर अजून शोरूमचा वास येतो. सीटवरचं प्लास्टिकही तसंच आहे.

कुमुदकडे लायसन्स आहे. तिची टेस्ट पहिल्या झटक्यात पास झाली होती, आणि लायसन्सचं नूतनीकरण तर मी स्वतः रांगेत उभा राहून करून आणलंय. कोणी म्हणू नये की मी बायकोला मागे ठेवतो. फक्त गाडी तिच्या हातात दिली नाही, एवढंच. एकदा दिली होती. मी शेजारी बसलो होतो आणि सुरक्षेच्या दृष्टीने अधूनमधून हँडब्रेक ओढत होतो. तिसऱ्यांदा ओढल्यावर ती गाडी बाजूला लावून खाली उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. मी समजलो, मिटला.

तो मिटलेला नव्हता हे मला चैत्राच्या हळदीकुंकवानंतर कळलं. त्या दिवशी फरीदाबादच्या मंडळाच्या प्रमोदिनीबाई स्वतः गाडी चालवत आल्या होत्या. या बाई दिल्लीभर स्वतः गाडी हाकतात आणि किल्ली पर्समध्ये न ठेवता बोटावर फिरवत बसतात. निघताना त्यांनी चारचौघींत कुमुदला विचारलं, सोडू का गं तुला मेट्रो स्टेशनपर्यंत? तुमच्याकडे गाडी आहे म्हणतात, पण ती झाकलेलीच असते ना? बायका हसल्या. कुमुदही हसली, आणि घरी आल्यावर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी मनाला लावून घेतलं नाही. गाडी झाकलेली असते हे खरंच होतं.

मग आला गणपती. दिल्ली-एनसीआरमधल्या मराठी मंडळांची दरवर्षी एक एकत्र स्पर्धा असते. आमच्या मंडळाची सेक्रेटरी देवयानी, ही मुलगी नवीन विचारांची. तिने सुचवलं की पाककला खूप झाली, आता पन्नाशीपुढच्या बायकांसाठी कॉम्प्युटर गेमची स्पर्धा घेऊ या. गेम कसला, तर ट्रक चालवायचा. टोमॅटो भरलेला ट्रक घाटातून खाली बाजारात न्यायचा, वेळेत न्यायचा आणि टोमॅटो सांडायचे नाहीत. दोन फेऱ्या आपापल्या घरून, आणि फायनल फरीदाबादच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर, प्रत्येकीने आपला कॉम्प्युटर घेऊन यायचं. भाग घेणाऱ्यांत पहिलं नाव प्रमोदिनीबाईंचं होतं. दुसरं कुमुदचं.

मला वाटलं, दोन दिवसांचं वेड आहे. पण कुमुद हटली नाही. आमची लेक मयुरा नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत राहिला होता. तिने आईसाठी खेळातलं स्टिअरिंग कुरिअरने पाठवलं. ते टेबलाला आवळून कुमुद दुपारच्या आमटीला फोडणी दिली की बसायची. आणि काय सांगू, बाई ट्रक चालवायची तो बघण्यासारखा. वळणाआधी आरशात बघायची, गावातून जाताना वेग कमी करायची, रस्त्यात गाय आली तर थांबायची. मी तिला सांगितलं की असं चालवणारा माणूस दिल्लीच्या रस्त्यावर पहिल्याच चौकात म्हातारा होईल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण ती घाटात होती.

अडचण एकच होती. पहिला घाट निम्मा उतरला की पडद्यावरचं चित्र अडखळायला लागायचं. ट्रक एका जागी थिजायचा, मग एकदम पुढे उडी मारायचा, आणि टोमॅटो दरीत. पहिल्या फेरीतून कुमुद कशीबशी शेवटच्या नंबरावर पुढे गेली. प्रमोदिनीबाई पहिल्या आल्या आणि त्यांनी ग्रुपवर अंगठा टाकला. त्या संध्याकाळी कुमुद माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, मला फायनलला जायचंय," ती म्हणाली. "प्रमोदिनीच्या शेजारी बसून चालवायचाय मला तो ट्रक. हे मशीन नीट करून द्या. तुम्हाला कळतं ना यातलं?"

शेवटचं वाक्य ती कोणत्या सुरात म्हणाली त्याचा मी तेव्हा विचार केला नाही. घरात मला काही कळतं असं म्हणण्याची वेळ बऱ्याच दिवसांनी आली होती. मी लगेच मशीनची पाहणी केली. म्हणजे बाहेरून. कारण मशीनच्या डब्याला अर्थातच कव्हर होतं. सोफ्याचं मरून कापड उरलं होतं त्यातून शिवून घेतलेलं, कडेला पायपिंग, बटण दाबायला पुढे छोटीशी खिडकी आणि वायरींसाठी मागे चीर. मशीन चालू असतानाही कव्हर काढायची गरज पडू नये, ही त्यातली माझी कल्पना होती. धूळ काय मशीन बंद होण्याची वाट बघत थांबते? पाहणी करून मी निदान केलं: प्रोसेसर.

तरी सरकारी माणूस एकट्याच्या जबाबदारीवर निर्णय घेत नाही, म्हणून मी दोन मतं मागवली. समोरचे खुराना साहेब टाइल्सच्या धंद्यात आहेत, पण मत सगळ्या विषयांवर देतात. ते म्हणाले, "प्रोसेसर तो जी दमवाला होना चाहिए. बाकी सब सजावट है." मला हा माणूस तेव्हापासून जास्तच आवडायला लागला. दुसरं मत आमच्या दोन मजले खाली राहणाऱ्या अनुरागचं. हा पुण्याचा, आयटीतला, कायम घरून काम करतो. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली बर्मुडा. तो म्हणाला, काका, प्रोसेसरचा वेग एका मर्यादेपर्यंतच कामाचा. चित्र काढायचं काम ग्राफिक्स कार्डचं असतं. शेवटी जो भाग सगळ्यात हळू, त्याच्या वेगाने अख्खं मशीन चालतं. हे मला पटकन कळलं. साहेब कितीही भराभर सह्या करोत, फाइल डाकवाल्याकडेच अडकली तर साहेब काय करणार. कळलं, पण पटलं नाही, कारण मग माझ्या सगळ्या फायलींतल्या पहिल्या ओळीचं काय?

मी अनुरागला म्हटलं, वर येऊन बघून जा. तो म्हणाला, यायची गरज नाही, रिमोट घेतो. ही पिढी दोन मजले चढत नाही. खालूनच त्याने आमच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला, बाण इकडेतिकडे पळवला, आणि फोनवर सांगितलं की कार्ड चांगलं आहे, प्रोसेसर जुना आहे पण अगदी टाकाऊ नाही, फक्त जरा गरम दाखवतंय, एकदा बघून घ्या. मी बघितलं. मरून कव्हर, पायपिंग, सगळं जागच्या जागी होतं. त्याच्या बोलण्यातलं "प्रोसेसर जुना आहे" एवढं मी ध्यानात ठेवलं.

शनिवारी मशीन नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात न्यायचं ठरलं. मी ते कव्हरासकट उचललं, लिफ्टने खाली आणलं, आणि गेटवर गार्डने मला अडवलं. विजेची वस्तू बाहेर न्यायची तर गेट पास लागतो. हा नियम सोसायटीच्या सुरक्षा समितीचा. समितीचा अध्यक्ष मी. नियमाचा मसुदाही माझाच, आणि त्यात मी दूरदृष्टीने असंही घातलं होतं की अध्यक्षाने स्वतःच्या वस्तूचा पास स्वतः देऊ नये, उपाध्यक्षाने द्यावा. उपाध्यक्ष डेहराडूनला गेले होते. गार्ड बिचारा म्हणाला, सर, आप तो अपने ही हैं, निकल जाइए. मी त्याला तिथेच झापलं. नियम म्हणजे नियम. मग मशीन घेऊन परत वर आलो. दार उघडून कुमुदने मला आणि मशीनला आत घेतलं आणि टेबलाखालची जागा पुसून दिली. तिचं ते पुसणं मला फार लागलं.

उपाध्यक्ष आले, पास मिळाला, आणि मी मशीन मांडीवर घेऊन मेट्रोत बसलो. समोरची एक बाई कव्हराकडे बराच वेळ बघत होती. शेवटी तिने विचारलं, अंकल, सिलाई मशीन है? मी हो म्हटलं. कोणाकोणाला समजावत बसणार.

नेहरू प्लेसच्या दुकानदाराला मी माझ्या पहिल्या ओळीच्या शैलीत सांगितलं: अद्ययावत, सर्वाधिक वेगाचा. असं गिऱ्हाईक त्या माणसाने आयुष्यात पाहिलं नसावं. त्याने मला खुर्ची दिली, थंडा दिला. मग हळूहळू कळत गेलं की नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. मदरबोर्ड बदलायचा तर जुनी मेमरी त्यात चालत नाही. एवढ्या सगळ्याला वीज पुरवायची तर जुना पॉवर सप्लाय पुरत नाही. आणि नवा पॉवर सप्लाय जुन्या डब्यात मावत नाही. प्रत्येक टप्प्यावर दुकानदार मला विचारायचा, सर, रहने दें? आणि माझ्यासारख्या हुद्द्याच्या माणसाला चारचौघांत "रहने दो" कसं म्हणता येईल? संध्याकाळी मी बाहेर पडलो तेव्हा जुन्या मशीनमधलं ते ग्राफिक्स कार्ड तेवढं शिल्लक होतं, आणि माझ्या काखेत दुमडलेलं मरून कव्हर.

नवा डबा उंच होता. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे फिरतायत. देव्हाऱ्यात ठेवला असता तरी खपला असता. आणि कुमुद खेळायला बसली तर काय, ट्रक लोण्यातून सुरी फिरावी तसा चालला. पहिला घाट उतरला, दुसरा उतरला, एक टोमॅटो हलला नाही. कुमुदने पुन्हा पुन्हा खेळून पाहिलं, आणि मग स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून माझ्याकडे बघून अशी हसली की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. मी खरंच सुखावलो. लगेच खाली जाऊन खुराना साहेबांना गाठलं, मग अनुरागला फोन केला, मग लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटलो. प्रोसेसर. बाकी सब सजावट. अनुराग म्हणाला, काका, छान, पण जुन्यात दुसराही काही प्रॉब्लेम असू शकतो. मी म्हटलं, बाळा, तू अजून लहान आहेस.

आता एवढं महाग मशीन उघडं ठेवायचं? दिल्लीत? जुनं मरून कव्हर त्याला झबल्यासारखं होत होतं. मी त्याच दिवशी बाजारातल्या शिंपी मास्टरजींना घरी बोलावून माप दिलं. काच आहे म्हटल्यावर मास्टरजींनीच सुचवलं की आतून कापसाचा थर द्यावा, म्हणजे धक्का लागणार नाही. मला त्यांची कल्पना इतकी आवडली की मी दोन थर द्यायला सांगितले. जयपुरी रजईसारखे उभेआडवे टाके घालून, खाली इलॅस्टिक लावून, कव्हर चार दिवसांत आलं. कुमुद म्हणाली, दिवे दिसत नाहीत आता. मी म्हटलं, दिवे काय बघायचेत, तू रस्ता बघ.

आणि दुसऱ्या दिवसापासून ट्रक पुन्हा अडखळायला लागला.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. तुम्हाला सगळं सोपं वाटतं. मला असं कळलं की एक पायरी वरचा प्रोसेसर घ्यायला हवा होता. दुकानदाराने तो दाखवलाही होता, आणि मी ऐन वेळी हात आखडता घेतला होता. खुराना साहेब म्हणाले, मैंने तो कहा था, दमवाला. अनुरागने पुन्हा खालून ताबा घेतला आणि या वेळी जरा घाबरून म्हणाला, काका, हे खूपच तापतंय, आणि तापलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तुमचा नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा हळू चाललाय. खोलीत एसी आहे का?

एसी होता. मी तो सगळ्यात थंडवर लावला. त्यालाही कव्हर होतं, पण ते मी काढलं; इतकी अक्कल मला आहे.

दुसऱ्या फेरीच्या दुपारी त्या खोलीत हिमालय उतरला होता. कुमुद स्वेटर घालून, वर शाल घेऊन, पायात मोजे घालून बसली होती. मी कानटोपी घातली होती. टेबलाखाली मशीन रजईत होतं. खोलीत काहीही न पांघरलेला एकटा एसीच. या फेरीतून पहिल्या दोघीच फायनलला जाणार होत्या, आणि सगळ्यांचे ट्रक कुठवर आले ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसत होतं. प्रमोदिनीबाई पुढे. कुमुद पहिल्या घाटात होती आणि चित्र अडखळायला लागलं होतं. तिने ओठ घट्ट मिटले होते. ट्रक थिजला की ती स्टिअरिंग तसंच धरून श्वास रोखायची, सुटला की सावरायची. मी मागून सूचना देत होतो. कोणत्या ते आता आठवत नाही, पण त्या चालूच होत्या.

घाट संपल्यावर टोलनाका लागला. खेळातही टोलनाक्यावर रांग असते, हे करणाऱ्याने फार विचार करून केलंय. पुढे पाच-सहा गाड्या होत्या. कुमुदने स्टिअरिंग सोडलं, गारठलेले हात एकमेकांवर चोळले, फुंकर मारली, आणि ऊब मिळेल म्हणून खाली वाकून दोन्ही हात मशीनच्या रजईवर ठेवले.

ते तिने लगेच मागे घेतले. मग पुन्हा ठेवले. मग वळून माझ्याकडे बघितलं. कानटोपीपासून चपलांपर्यंत नीट बघितलं.

"अहो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "याला रजईत घालून पळायला सांगताय होय तुम्ही?"

मी धुळीचं काहीतरी म्हणालो. तोवर तिने एका हाताने इलॅस्टिक धरून कव्हर ओढून काढलं आणि मागे न बघता माझ्या अंगावर टाकलं. ते गरम होतं. नुकती तव्यावरून उतरलेली भाकरी हातात घ्यावी इतकं. डब्यातले पंखे मोठ्याने फिरायला लागले. रांग पुढे सरकली, फाटक वर गेलं. दुसऱ्या घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत ट्रक जरा कुरकुरला, आणि मग असा सुटला की मी कानटोपी काढली. कुमुद दुसरी आली. टोमॅटो सगळे शाबूत. तिने एसी बंद केला, शाल काढून ठेवली आणि चहा टाकायला गेली. मी कव्हर उलटं करून टाके बघत बसलो. शिलाई उत्तम होती हो.

फायनलच्या दिवशी फरीदाबादला जायला मी टॅक्सी बोलावली होती. सगळं व्यवस्थित ठरवलं होतं. टॅक्सीवाल्याने गेटवर डबा, पडदा, स्टिअरिंग आणि वायरींची पिशवी बघितली आणि म्हणाला, ये तो सामान है, टेम्पो बुलाइए. मी त्याच्याशी कायद्याने बोलायला लागलो, तोवर तो निघूनही गेला. दुसरी टॅक्सी वीस मिनिटांवर दाखवत होती, आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा वीसच दाखवत होती. हॉलमधून देवयानीचा फोन आला की काकू, बाकी सगळे पोचले, वेळेवर नाही आलात तर प्रमोदिनीताईंना पुढे चाल द्यावी लागेल. कुमुदने फोन ठेवला आणि ती बेसमेंटचा जिना उतरायला लागली.

मी मागोमाग गेलो. ती गाडीशी उभी राहून कव्हराच्या नाड्या सोडत होती. माझ्या गाठी सहसा कोणाला सुटत नाहीत. तिने एकेक शांतपणे सोडवली. मी तिला समजावलं. कालिंदी कुंजचा ट्रॅफिक, मथुरा रोडचे ट्रक, हरियाणाचे ड्रायव्हर, सगळं सांगितलं. तिने कव्हर खाली टाकलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"दोन घाट उतरलेय मी टोमॅटो घेऊन," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो. वर गेटपाशी ठेवलेलं सामान गाडीत घेतलं, मशीनला मागच्या सीटवर पट्टा लावला. गार्डने पास मागितला नाही. तो कुमुदला सलाम करून बाजूला झाला, आणि मी नियमाची आठवण करून देण्याइतका शुद्धीवर नव्हतो. ती वळताना सिग्नल देत होती. आमच्याकडे वळताना सिग्नल दिला की मागचा माणूस गोंधळतो, याला काय झालं म्हणून. कालिंदी कुंजच्या पुलावर एक बस इतकी जवळून गेली की माझा हात आपोआप हँडब्रेककडे गेला. कुमुदने मान वळवली नाही, फक्त डोळे फिरवून त्या हाताकडे बघितलं. मी तो उचलून स्वतःच्या मांडीखाली ठेवला. फरीदाबाद येईपर्यंत तो तिथेच होता आणि त्याला मुंग्या आल्या होत्या.

हॉलच्या दाराशी प्रमोदिनीबाई उभ्या होत्या. कुमुदला गाडी मागे घेत दोन गाड्यांच्या मधल्या जागेत एका झटक्यात लावताना त्यांनी पाहिलं. बोटावरची किल्ली फिरायची थांबली. मी नवरा आहे, पण तेवढ्यापुरता मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

फायनलचं फार सांगण्यासारखं नाही, कारण ती लवकरच निकालात निघाली. प्रमोदिनीबाई ट्रकही दिल्लीतल्या गाडीसारखाच चालवत होत्या: हॉर्न, ओव्हरटेक, पुन्हा हॉर्न. दुसऱ्या घाटात त्यांनी एका बैलगाडीला कट मारला आणि त्यांचे टोमॅटो दरीत गेले. कुमुद मागून आली, बैलगाडीच्या मागे सावकाश चालली, जागा मिळाल्यावर पुढे गेली आणि बाजारात जाऊन थांबली. हॉल उठून उभा राहिला. ट्रक थांबल्यावरही तिने हँडब्रेक लावला, इंजिन बंद केलं, आणि मगच टाळ्यांकडे बघितलं.

देवयानीने माइक घेतला. म्हणाली, काकूंचं मशीन काय भारी चाललं, जरा सगळ्यांना सांगा, प्रोसेसर कुठला? शंभरेक माना माझ्याकडे वळल्या. आमच्या सोसायटीतून आलेले खुराना साहेब माझ्याकडे बोट दाखवत होते. मी उभा राहिलो, कॉलर सारखी केली, माइकसाठी हात पुढे केला. माइक कुमुदकडे गेला.

"प्रोसेसर चांगलाच आहे," कुमुद म्हणाली. "आधीचाही चांगलाच होता. मी फक्त वरचं कव्हर काढलं."

लोक इतके का हसले ते मला कळलं नाही. सगळ्यात जास्त प्रमोदिनीबाई हसल्या, आणि हसत हसत येऊन त्यांनी कुमुदला मिठी मारली. मी उभा होतो तो खाली बसलो. शेवटच्या रांगेतून अनुरागने मला हात केला. तो उभा राहिला की एवढा उंच असतो हे मला माहीत नव्हतं.

बक्षीस म्हणून शाल आणि श्रीफळ मिळालं. आपल्या लोकांकडे दुसरं काही नसतंच. परत निघताना मशीन मागच्या सीटवर ठेवलं, आणि खिडकीतून फरीदाबादची धूळ येत होती, म्हणून मी ती नवी शाल उलगडली आणि मशीनवर नीट पसरली. कडाही आत खोचल्या. कुमुद आरशातून बघत होती.

"काढा ते," ती म्हणाली.

मी काढलं. शालीची घडी घालून ती मांडीवर घेतली, आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी उठलो तर कुमुद घरात नव्हती. टेबलावर चहा झाकून ठेवलेला, आणि मयुराला फोन केल्यावर कळलं की आई आणि प्रमोदिनीमावशी मथुरेला गेल्यात, आई चालवतेय. मी ऑफिसला निघताना बेसमेंटमध्ये डोकावलो. आमची जागा रिकामी होती. मधोमध चंदेरी कव्हर होतं, चारी नाड्या आत घेऊन व्यवस्थित घडी घातलेलं. त्यावर धूळ बसायला लागली होती. मी ते झटकलं, काखेत मारलं आणि मेट्रोकडे चालायला लागलो.